जगाची भरभराट आणि खानदेशचा कामकरी

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषयाची विचारणा केली, तेव्हा जगाची वाढ, प्रवासी आणि अर्थव्यवस्था यांचा संबंध उलगडावा अशी त्यांची इच्छा होती. असा विषय निघाला म्हणजे विद्वानांची दृष्टी सहसा आग्नेय आशियाकडे वळते, आणि ते स्वाभाविक आहे. थायलंडला २०१९ साली जवळजवळ चार कोटी परदेशी प्रवासी आले. २०२० साली महामारीने सीमा बंद झाल्या आणि तोच आकडा सत्तर लाखांच्याही खाली उतरला. त्याआधी, २ जुलै १९९७ रोजी, त्या देशाने आपले चलन बाजाराच्या हवाली केले आणि पाहता पाहता सबंध आग्नेय आशियातली परकी भांडवलावर उभी राहिलेली इमारत हादरली. परक्याच्या पैशावर आणि परक्याच्या पायधुळीवर संसार मांडला, तर तो परका उठून गेल्यावर चूल विझते, हा त्यातला धडा. धडा मोठा आहे. पण तो शिकण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज आहे असे आम्हांला वाटत नाही. तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या काठी तो गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा गिरवला गेला आहे. फरक इतकाच, की गिरवणाऱ्यांची नावे इतिहासात लिहिली गेली नाहीत.

आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. आमचे अर्थशास्त्र जिनांच्या आवारात, बंद गिरण्यांच्या फाटकांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकांवर शिकून झाले. त्यामुळे आमचा प्रश्नही पंडिती नाही. जग भरभराटते तेव्हा खानदेशात काय येते, आलेल्यातले काय राहते, आणि जग पाठ फिरवते तेव्हा तोटा कोणाच्या अंगावर पडतो, एवढेच आम्ही विचारणार आहोत.

जगाशी व्यवहार ही काही इंग्रजांनी आम्हांला शिकवलेली गोष्ट नव्हे. भडोचच्या बंदराकडून आणि उज्जयिनीकडून पैठणला जाणारे तांडे याच मुलखातून जात आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या घाटांनी वर चढत. त्या वाटांच्या आसपास लेणी खोदली गेली. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत पैठणच्या एका गंध-अत्तराच्या व्यापाऱ्याने दिलेल्या दानाची नोंद आहे. त्याच लेण्यातली एक यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तिच्या हातावर ती घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे : कान्हदास सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने आपले नाव आपल्या कामावर ठेवले, ही आम्हांला मोठी गोष्ट वाटते. कारण पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिले हे आपल्याला लेखावरून कळते. पण ज्यांनी दिव्याच्या उजेडात भिंती रंगवल्या, त्या चिताऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. हरिषेणानंतर राज्याची घडी विस्कटली, देणाऱ्यांचा हात आखडला, आणि कित्येक लेणी अर्धवट राहिली. त्या अर्धवट भिंतींपुढे उभे राहिले म्हणजे कामावरून उठवलेल्या माणसांची आठवण येते. आश्रयावर चाललेले काम आश्रयदात्याबरोबर संपते, हा नियम तेव्हाही होता.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती गेला. दुष्काळ, लुटालूट आणि पेंढाऱ्यांच्या धुमाकुळाने मुलूख ओसाड पडला होता. नव्या सरकारला पाहिजे होता सारा, आणि साऱ्यासाठी पाहिजे होती मोजणी. १८५२ साली त्या मोजणीविरुद्ध एरंडोल, सावदा, फैजपूर या भागातले शेतकरी हजारोंनी जमले. पलटण आणून त्यांना पांगवावे लागले. हा प्रसंग आमच्या शाळांतून शिकवला जात नाही. पण सारा रोख भरायचा म्हणजे रोख पैसा देणारे पीक घ्यायचे, हे चक्र तिथून घट्ट झाले. ज्वारी-बाजरी पोटासाठी, कापूस सरकारसाठी आणि सावकारासाठी.

अशा वेळी अमेरिकेत यादवी पेटली. १८६१ च्या एप्रिलात उत्तर आणि दक्षिण यांत युद्ध जुंपले. त्या वेळी लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणी संस्थानांतून येत असे, आणि तो पिकवणारे हात गुलामांचे होते. सुमारे चाळीस लाख माणसे तिथे गुलामीत होती. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि मँचेस्टरची चाके थांबली. लिव्हरपूलला अमेरिकी रुईचा भाव लढाईपूर्वी पौंडाला सात-आठ पेन्स असे. १८६४ च्या उन्हाळ्यात तो तीस पेन्सच्या घरात गेला. इंग्रज व्यापाऱ्याने नकाशा उघडला आणि त्याची नजर वऱ्हाड, खानदेश, गुजरात, धारवाड या काळ्या मातीवर पडली.

पुढची चार वर्षे खानदेशाने जी पाहिली, तशी पुन्हा पाहिली नाहीत. कापसाचे वावर वाढले. ॲशबर्नर नावाच्या कलेक्टरने हिंगणघाटचे चांगले बी आणून इथे रुजवण्याचा खटाटोप केला. धरणगाव, एरंडोल, पारोळे या जुन्या पेठा. पण लोहमार्ग जळगाववरून गेला आणि व्यापाराने आपले बिऱ्हाड तिकडे हलवले. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशी आख्यायिका त्या काळाविषयी सर्वत्र सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो. इतका पैसा शेतकऱ्याच्या हातून याआधी कधी फिरला नव्हता, एवढे तिच्यावरून निश्चित समजावे.

पण हा पैसा हातून फिरला. हातात राहिला का, हा खरा सवाल आहे. पीक उभे असतानाच ते सावकाराकडे अडकलेले असे. सावकाराकडून अडत्याकडे, अडत्याकडून दलालाकडे, तिथून मुंबईच्या पेढीकडे आणि मग लिव्हरपूलला, अशा पायऱ्या होत्या. आणि प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी बसलेला होता. त्या वर्षांत मुंबईच्या पदरात नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्तीचे पडले असा हिशेब केला जातो. त्या पैशातून मुंबईत बँका, जमीन-भरावाच्या कंपन्या आणि कागदी शेअरांचा डोंगर उभा राहिला. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार चाले. खानदेशच्या बोंडाला मुंबईत असे कागदाचे फूल आले होते.

लबाडीही भावाबरोबर वाढली. रुईत सरकी, माती मिसळणे, गाठीवर पाणी मारणे हे प्रकार इतके बोकाळले की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला. लिव्हरपूलच्या बाजारात पश्चिम हिंदुस्थानचा सगळा कापूस ‘सुरत’ या एकाच नावाने ओळखला जाई, आणि आखूड धाग्यामुळे व घाणीमुळे ते नाव तिथल्या विणकरांच्या तोंडी हलक्या मालाचे दुसरे नाव होऊन बसले. भेसळ कोणत्या पायरीवर झाली हे कोणी विचारले नाही. बदनामी मातीची झाली. ती घाम गाळणाऱ्याच्या वाट्याला आली.

या तेजीची आणखी एक बाजू आहे आणि ती आम्हां संघटनेच्या माणसांना विसरता येत नाही. ज्या भावाने खानदेशात चांदी दिसली, त्याच भावाने लँकेशायरमध्ये लाखो कामगार उपाशी बसले. त्यांची भूक भागवायची सोपी वाट होती : इंग्लंडने दक्षिणेच्या बाजूने उभे राहावे, बंदरे उघडावीत, गुलामांचा कापूस पुन्हा आणावा. असे असता ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या सभेत कामगारांनी गुलामगिरी नष्ट करण्याच्या बाजूने अब्राहम लिंकन यांना पत्र लिहिले, आणि १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी त्या पत्राला उत्तर दिले. आपल्या चुलीपेक्षा परक्या देशातल्या गुलामाची बेडी मोठी मानणारे हे कामगार अर्थशास्त्राच्या कोणत्याही कोष्टकात बसत नाहीत. जगाचा बाजार माणसांना एका दोरीने बांधतो. पण त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे, हे बाजार सांगत नाही. ते मँचेस्टरच्या कामगारांनी सांगितले.

आमच्याकडच्या हातमागवाल्यांचेही हाल याच काळात झाले. रुई महाग झाली म्हणजे सूत महाग झाले. पारोळे-धरणगावकडच्या विणकराला सूत परवडेना आणि गिऱ्हाइकाला लुगडे परवडेना. म्हणजे ज्या गावात कापूस सोन्याच्या भावाने जात होता, त्याच गावात कापड विणणारा मोडत होता. भरभराटीची बेरीज करताना हा वजाबाकीचा आकडा नेहमी गाळला जातो.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेची लढाई संपली. भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुंबईत वायद्याच्या चुकतीचा दिवस. त्या दिवशी कागदी डोंगर ढासळला. मोठमोठ्या पेढ्या बसल्या आणि खुद्द बाँबे बँक पुढच्या दोन-तीन वर्षांत बुडाली. विधिघटना पाहा : खानदेशचा माल मुंबईला झपाट्याने नेण्यासाठी ज्या थळ घाटात माणसे वर्षानुवर्षे खडक फोडत होती, त्या घाटातला लोहमार्ग याच १८६५ साली खुला झाला. मार्ग तयार झाला आणि भाव गेला.

मुंबईच्या दिवाळखोरांच्या कथा पुष्कळांनी लिहिल्या आहेत. खेड्यात काय झाले ते सांगायला मात्र कोणी पुढे आले नाही. भाव चढा असताना सावकाराने उदारपणे पैसे दिले होते. लग्ने झाली, बैल घेतले, विहिरी काढल्या. भाव उतरल्यावर कर्ज तसेच राहिले, व्याज धावत राहिले. जमीन कुळाच्या नावावरून सावकाराच्या नावावर जाऊ लागली. पुणे-नगरकडे या दुखण्याचा उद्रेक १२ मे १८७५ रोजी सुपे येथे झाला आणि गावोगाव कर्जखते जाळली गेली. खानदेशात आग तशी भडकली नाही. इथे ती आतल्या आत धुमसली. जमीन गेलेला कुणबी आणि जंगल गेलेला भिल्ल हे दोघेही सालदार झाले. सालभराचे धान्य, एक जोड कपडे आणि उचल, एवढ्यावर माणूस वर्षाला बांधला जायचा, आणि उचल फिटली नाही की पुढचे वर्षही त्यातच. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी ही बेडी आणखी आवळली. शहाद्याकडे १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली तेव्हा तिच्यापुढचा सालदाराचा प्रश्न काही त्या वर्षी जन्मलेला नव्हता. त्याची एक मुळी थेट १८६५ च्या बाजारात रुतलेली होती, असे आमचे मत आहे.

मग त्या तेजीतून खानदेशाला काहीच राहिले नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. लोहमार्ग राहिला. जळगाव ही पेठ राहिली. १८७० च्या दशकात मुंबईचे व्यापारी मूळजी जेठा यांच्या भांडवलावर जळगावला कापडाची गिरणी निघाली. १९०६ साली प्रताप शेठांनी अमळनेरला प्रताप मिल काढली. धुळ्याला न्यू प्रताप, चाळीसगावला लक्ष्मीनारायण अशा गिरण्या झाल्या. म्हणजे कच्चा कापूस लिव्हरपूलला पाठवून तिथले धोतर नेसण्याऐवजी, बोंड इथले, सूत इथले आणि कापडही इथले, असा क्रम सुरू झाला. जगाच्या बाजाराकडून आलेला पैसा जेव्हा साच्यात, विहिरीत, शाळेत असा रुजतो, तेव्हाच तो आपला होतो. नाही तर तो पुराच्या पाण्यासारखा येतो आणि वरची माती घेऊन जातो. अमळनेरच्या शाळेत साने गुरुजींसारखा शिक्षक मिळाला आणि १९३६ साली फैजपूरला खेड्यातली पहिली काँग्रेस भरली, तेव्हा त्या मांडवाखाली शेतकऱ्यांबरोबर गिरणीतला माणूसही येऊन बसला; कारण तोवर खानदेशात मजूर हा वर्ग म्हणून उभा राहिला होता.

गिरण्यांवरही जगाची लाट येतच राहिली. १९२९ नंतरच्या मंदीत आणि जपानी कापडाच्या स्पर्धेत पगार कापले गेले. दुसऱ्या महायुद्धात रात्रपाळ्या लागल्या. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात धुळे-चाळीसगावच्या आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. पुढे यंत्रमाग, नवी यंत्रे आणि बदललेले धोरण यांपुढे या जिल्ह्यांतल्या जुन्या गिरण्या एकामागून एक थंड झाल्या. जळगावच्या गिरणीच्या जागेवर आज दुकानांचे संकुल उभे आहे.

आम्ही तरुणपणी ज्यांच्या पायाशी बसून शिकलो ते याच गिरण्यांतले साचेवाले. गिरणी गेल्यावर त्यांच्यात जो फरक पडला तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जे कायम होते त्यांना भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांची रक्कम उशिरा, भांडून, पण मिळाली. त्यातून कोणी दोन खोल्या बांधल्या, कोणी मुलीचे शिक्षण पुरे केले. जे बदली होते त्यांच्या हाती केवळ जुने पास राहिले. दोघांनी कापड एकच विणले होते. फरक तेजी-मंदीने केला नाही. १९५२ च्या फंडाच्या कायद्याने आणि १९७२ च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्याने केला. तेजी वाटली गेली ती कायद्याने जिथपर्यंत पोचवली तिथपर्यंत, त्यापलीकडे नाही.

आता प्रवाशांकडे वळू. अजिंठ्याची लेणी जिल्ह्याच्या हद्दीने आमची नव्हेत. ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आणि पूर्वी निजामाच्या राज्यात. पण आगगाडीने येणाऱ्याला जवळचे मोठे स्थानक जळगावच. पहूर-फर्दापूरवरून लेणी साठ किलोमीटरच्या आसपास. संभाजीनगरहून हेच अंतर शंभराच्या घरात. म्हणून जळगावला अजिंठ्याचे प्रवेशद्वार म्हणतात. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज कप्तानाने आपले नाव तिथे कोरले आणि लेणी युरोपला ठाऊक झाली. १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे तिथे राहून चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स याने मुंबईच्या कलाशाळेतले देशी विद्यार्थी बरोबर घेऊन ते काम पुन्हा केले. १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत अजिंठ्याचे नाव गेले. पुढे १९९२ मध्ये आणि २००३ मध्ये अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी व प्रवाशांच्या सोयींसाठी जपानकडून कर्ज घेण्यात आले. रस्ते झाले, विमानतळ सुधारला, झाडे लागली. गाड्यांच्या धुराने चित्रे खराब होऊ नयेत म्हणून फर्दापूरच्या तिठ्यावर वाहने थांबवून तिथून पुढे एस.टी.च्या बसने जायचे, अशी व्यवस्था झाली. ही व्यवस्था चित्रांच्या दृष्टीने योग्यच आहे. तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही.

परंतु एका परदेशी पाहुण्याचा रुपया कुठून कुठे जातो ते पाहावे. विमानाचे भाडे परक्या कंपनीला. सहलीचे पैसे मुंबई-दिल्लीच्या दलाली पेढीला. मुक्काम बहुधा संभाजीनगरच्या मोठ्या हॉटेलात. लेण्याचे तिकीट केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याला. उरलेली चिल्लर तिठ्यावर आणि पायऱ्यांवर पडते. ती वेचणारे कोण? म्हाताऱ्या पाहुण्याला खांद्यावर नेणारे डोलीवाले. डोंगरात सापडणारे रंगीत स्फटिक विकणारी पोरे. चहावाले, हॉटेलातली भांडी घासणाऱ्या बायका, वाट दाखवणारे, जळगावच्या स्थानकाबाहेर उभे राहणारे गाडीवाले. अर्थशास्त्रज्ञ या प्रकाराला गळती म्हणतात. आग्नेय आशियातल्या बेटांविषयी त्यांनी याच शब्दात पुस्तके लिहिली आहेत. आमच्याकडे या गळतीला जुनी म्हण आहे : पिकते तिथे विकत नाही.

१७ मार्च २०२० रोजी देशातली सगळी स्मारके बंद झाली. अजिंठ्याची दारे उघडली ती डिसेंबरात, आणि पुढच्या वसंतात पुन्हा बंद झाली. २०१९ साली भारतात एक कोटी नऊ लाखांवर परदेशी प्रवासी आले होते. २०२० साली ते सत्तावीस लाखांवर आले. त्या काळात आम्ही आणि आमचे सोबती या भागातल्या अशा कामकऱ्यांची यादी करायला बसलो. धान्याची पाकिटे वाटायची तर नावे पाहिजेत. तेव्हा असे दिसले, की बहुतेकांजवळ आपण हे काम करतो असे दाखवणारा कागदाचा एक कपटाही नाही. वीस वर्षे डोली वाहिलेला माणूस सरकारच्या लेखी काहीच नव्हता. तो शेतमजूर म्हणून नोंदला जाई. पण शेतमजुरीलाही तो जात नव्हता. मंदी आली तेव्हा त्याला कोणी कामावरून काढले नाही, कारण त्याला कोणी कामावर ठेवलेलेच नव्हते.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. लेणी उघडल्यावर परदेशी पाहुणा लवकर परतला नाही. पण शाळांच्या सहली, लग्नानंतर फिरायला निघालेली जोडपी, गावाकडून जीप करून आलेली कुटुंबे ही मंडळी परत आली. ती एका वेळी थोडेच खर्च करतात. पण तो खर्च तिठ्यावरच करतात. चहा तिथला, भजी तिथली, पोराला घेतलेला पिपाणीचा खेळ तिथला. डॉलरचा पाहुणा मोठा असेल. पण हातगाडी जगते ती सहलीच्या पोरांवर. योजना आखणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे. घरचा प्रवासी मिळवणे स्वस्त आहे आणि तो अमेरिकेच्या किंवा जपानच्या मंदीने पळून जात नाही.

कापूस आणि लेणी ही दोन उदाहरणे आम्ही विस्ताराने घेतली. बाकीची थोडक्यात सांगतो. जळगावची डाळ देशभर जाते. पण डाळ गिरण्यांत भरडली जाणारी तूर आणि उडीद यांचा काही भाग आग्नेय आशियातल्या म्यानमारातून येतो. २०१७ साली सरकारने तूर-उडदाच्या आयातीला मर्यादा घातली; २०२१ साली त्याच म्यानमारशी वर्षाला अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तूर आणण्याचा करार केला. ज्या वर्षी म्यानमारात लष्कराने सत्ता घेतली, त्याच वर्षी आमच्या हमालांच्या पाठीवरचे पोते तिकडच्या शेतकऱ्याशी कराराने बांधले गेले. दोघे एकमेकांना कधी पाहणार नाहीत. रावेर-यावलच्या केळीचेही तसेच. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ साली तांदलवाडीहून ती केळी दुबईला गेली. उतिसंवर्धित रोप, ठिबक, शीतगृह यांनी बागाईतदाराचे दिवस पालटले, आणि त्याचा आम्हांला आनंद आहे. पण घड कापणारा आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारा मजूर रोजावरच राहिला. आणि कापूस? मार्च २०११ मध्ये जगाच्या बाजारात रुई पौंडाला दोन डॉलरांच्या वर गेली. वर्ष संपायच्या आत भाव निम्म्याहून खाली आला. दीडशे वर्षांनी तोच खेळ, तीच माती. बियाणे मात्र आता घरचे राहिलेले नाही. तेही दर वर्षी विकत घ्यावे लागते.

यावर कोणी म्हणेल, मग जगाशी दार लावून बसावे काय? मुळीच नाही. दार लावून बसणाऱ्या मुलखाला दुष्काळ अधिक झोंबतो, हे खानदेशाने पाहिले आहे. रेल्वेला विरोध करणारा मजूरही वेडा आणि पाहुण्याला विरोध करणारा डोलीवालाही वेडा. आमचे म्हणणे एवढेच, की जगाची भरभराट ही हवामानासारखी आहे. तिच्यावर आपला ताबा नाही. पाऊस कधी पडेल ते आपल्या हाती नाही, परंतु बांध घालणे आपल्या हाती आहे. आणि असा बांध घातल्याचे एक चांगले उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी व हमाल कामगारांचा कायदा केला. हमालाला एक मालक नसतो. आज या दुकानी, उद्या त्या. म्हणून कायद्याने मंडळ नेमले. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने त्यातून मजुरी, फंड, बोनस, ग्रॅच्युइटी द्यायची. ज्याला मालक नाही त्यालाही हक्क असू शकतो, हे त्या कायद्याने जगाला दाखवले. त्याची अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही, हे आम्ही रोज पाहतो. पण वाट दिसली आहे.

मग हीच वाट अजिंठ्याच्या पायथ्यापर्यंत का जाऊ नये? डोलीवाले, वाटाडे, फेरीवाले, गाडीवाले यांची नोंद करणारे एक मंडळ व्हावे. लेण्याच्या प्रत्येक तिकिटावरचा आणि प्रत्येक मोठ्या हॉटेलाच्या बिलावरचा अल्पसा वाटा त्या मंडळात पडावा. चांगल्या वर्षांत तो साठावा आणि दारे बंद झाली की त्यातून घरे चालावीत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने असंघटितांसाठी ई-श्रमची नोंदणी सुरू केली; ती आमच्या लोकांनीही केली. पण नोंदणी म्हणजे हक्क नव्हे. यादीत नाव असणे आणि पेटीत पैसा असणे यांत जे अंतर आहे, ते अंतर तोडण्याचे काम संघटनेचे आहे. तोच न्याय केळीच्या बागेतल्या मजुराला आणि जिनातल्या हंगामी बायांना लावावा लागेल. परदेशी गेलेल्या प्रत्येक पेटीमागे आणि प्रत्येक गाठीमागे त्यांच्या नावाचे काही पैसे बाजूला पडले पाहिजेत.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या नावाच्या मंडळात जुनी दप्तरे जपून ठेवली आहेत. तिथे जाणाऱ्या तरुण अभ्यासकांना आमची एक विनंती आहे. राजांच्या सनदा वाचा, मोहिमांचे खर्च वाचा. पण त्याबरोबर या जिल्ह्यांतल्या जिनांच्या, गिरण्यांच्या आणि बाजार समित्यांच्या हजेरीवह्या जिथे सापडतील तिथून गोळा करा. गिरण्यांच्या कित्येक वह्या भंगारात गेल्या. काही अजून कोणाच्या माळ्यावर असतील. लढाई अमेरिकेत झाली, भाव लिव्हरपूलला ठरला, पैसा मुंबईत फिरला. पण त्या भावाखाली वाकलेल्या पाठी इथल्या होत्या. त्यांची नावे त्या वह्यांतच आहेत. ती मिळाली तर पुढच्या तेजीच्या वेळी हिशेब मागायला आपल्याजवळ कागद असेल. आणि कागद असलेल्या माणसाला कोणी सहजासहजी कामाबाहेरचा म्हणू शकत नाही.